कानसमासा : एक उपेक्षित खाद्य मत्स्य

ट्रॉलरच्या जाळ्यात सापडणाऱ्या मासळीत करड्या रंगाचा, फळीसारखा चपटा व खरखरीत अंगाचा एक मोठा मासा कधीकधी आढळतो. पापलेट, सुरमई यांच्या शेजारी त्याला मान नाही. पूर्वी तो टाकाऊ समजून समुद्रात फेकला जाई किंवा खताच्या ढिगात जाई. वास्तविक हा मासा उत्तम खाद्य आहे. इंग्रजीत यास ‘फाइलफिश’ किंवा ‘लेदरजॅकेट’ म्हणतात. कानशीप्रमाणे खरखरीत कातडीवरून येथे त्यास कानसमासा म्हटले आहे. त्याचे शास्त्रीय नाव अल्युटेरस मोनोसेरॉस असे असून ‘मोनोसेरॉस’ म्हणजे एकशिंगी. लिनियसने १७५८ साली या जातीचे वर्णन प्रथम केले.

ओळख

याची लांबी सुमारे ७५ सेंटिमीटरपर्यंत वाढते. सामान्यतः ४० ते ५० सेंटिमीटरचे मासे मिळतात. डोळ्याच्या वर एकच बारीक काटा असतो व तो सहज मोडतो. तोंड लहान, दात छिन्नीसारखे आणि कल्ल्यांची फट अरुंद असते. खवले इतके सूक्ष्म व काटेरी असतात की, अंग मखमलीऐवजी काचकागदासारखे लागते.

जीवनक्रम

उष्ण कटिबंधातील बहुतेक सर्व समुद्रांत, अरबी समुद्रातही, ही जात आढळते. पिले वाहत्या शेवाळाच्या किंवा तरंगत्या वस्तूंच्या आश्रयाने उघड्या समुद्रात वाढतात. मोठे मासे तळाजवळ किंवा मधल्या थरात राहतात व कधी थव्याने फिरतात. पाठीवरचा व गुदद्वारामागचा असे दोन लांब पर लाटेप्रमाणे हलवून हा मासा संथपणे पोहतो. तळावरील लहान अपृष्ठवंशी प्राणी हे त्याचे भक्ष्य होय.

खाण्यापूर्वी घ्यावयाची काळजी

डोके कापल्यावर कातडी अंगरख्याप्रमाणे एकसंध ओढून काढता येते. जपानी भाषेत या कुलातील एका माशास ‘कावाहागी’ म्हणजे ‘कातडी सोललेला’ म्हणतात, ते यामुळेच. आतील मांस पांढरे व घट्ट असते. तथापि पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१. विषारी केंड मासा याच गणातील आहे. केंडाच्या पाठीवर काटा नसतो, त्याचे दात जुळून चोच झालेली असते व तो पोट फुगवितो. कानसमासा तसा फुगत नाही. केंडाचे विष शिजवूनही जात नाही. म्हणून ओळख निश्चित नसल्यास मासा खाऊ नये.

२. निळ्या रेघा व ठिपके आणि लांब, गोलसर शेपटी असलेली अल्युटेरस स्क्रिप्टस ही जात वेगळी आहे. विषारी प्रवाळसदृश प्राणी खाल्ल्याने तिच्या आतड्यात पॅलिटॉक्सिन हे तीव्र विष आढळले आहे. तेही शिजविल्याने नाहीसे होत नाही.

३. म्हणून कोणत्याही कानसमाशाचे आतडे व यकृत काढून टाकावे, ती कोंबड्या-डुकरांस घालू नयेत, आणि मासा धुऊन लगेच बर्फात ठेवावा.

जपणूक

आता या माशाला देशात ग्राहक व निर्यातीस वाव मिळू लागला आहे. हे चांगले लक्षण असले तरी त्यात धोका आहे. याच कुलातील थॅम्नाकोनस मोडेस्टस या जातीचे मांस कोरियात चवदार करून, सुकवून आवडीने खातात. १९८०च्या दशकात तेथे ही मासळी विपुल मिळे. पुढील दशकात तिचे उत्पादन कोसळले. उपेक्षित मासळीचे मोल समजताच तिच्यावर तुटून पडल्यास साठा टिकत नाही, हा त्यातील धडा होय.

तेव्हा कोळी बांधवांनी मोठा मासा फेकून न देता बर्फात ठेवून बाजारात आणावा. लहान पिले सापडतील अशी बारीक आसाची जाळी वापरू नयेत आणि पावसाळी मासेमारी बंदीचे पालन करावे. आज टाकून दिलेले अन्न वाचविणे जितके आवश्यक आहे, तितकेच उद्यासाठी ते समुद्रात राहू देणेही आवश्यक आहे.