दूरशिक्षणाने एम.सी.ए. : प्रवेशापूर्वीचा हिशेब

संगणक विषयात पदव्युत्तर शिक्षण घेऊ इच्छिणाऱ्या पदवीधरासमोर महाराष्ट्रात मुख्यतः तीन पदव्या असतात, आणि त्यांच्यातील फरक नावापेक्षा प्रवेशाच्या अटींत आणि पुढे मोकळ्या होणाऱ्या वाटांत अधिक स्पष्ट दिसतो. एम.एस्सी. संगणकशास्त्र ही विज्ञान शाखेची पदवी असून ती साधारणपणे संगणक किंवा गणित घेऊन बी.एस्सी. झालेल्यांसाठी असते. एम.टेक. ही अभियांत्रिकीची पदवी असून तिच्या शासकीय संस्थांतील प्रवेशाला ‘गेट’ या राष्ट्रीय परीक्षेचे गुण लागतात, जे निकालापासून तीन वर्षे ग्राह्य धरले जातात. तिसरी पदवी एम.सी.ए., म्हणजे संगणक उपयोजन विषयातील पदव्युत्तर पदवी. ती पूर्वी तीन वर्षांची होती आणि २०२०-२१ पासून दोन वर्षांची झाली. बारावीला किंवा पदवीला गणित घेतलेल्या कला व वाणिज्य पदवीधरांनाही तिचे दार मोकळे आहे. मात्र ज्यांनी पदवीला संगणक घेतलेला नाही त्यांना काही पायाभूत विषयांचा जोड-अभ्यासक्रम, ज्याला सर्वत्र ब्रिज कोर्स म्हणतात, पूर्ण करावा लागतो.

नोकरी सोडता न येणारा कर्मचारी, लहान मुलांमुळे रोज महाविद्यालयात जाऊ न शकणारी स्त्री किंवा पुणे-मुंबईला खोली घेऊन राहण्याचा खर्च न पेलणारा तालुक्याच्या गावचा पदवीधर या तिन्ही पदव्यांकडे पाहतो, तेव्हा त्याची नजर साहजिकच दूरशिक्षणाकडे वळते, आणि येथेच पहिली कायदेशीर मर्यादा समजून घेणे अत्यावश्यक ठरते. दूरशिक्षण म्हणजे छापील किंवा डिजिटल स्वयंअध्ययन साहित्य, अभ्यासकेंद्रावरील मोजके संपर्कवर्ग आणि ठरावीक केंद्रावरची लेखी परीक्षा यांवर उभी असलेली पद्धत. ती संगणक उपयोजनाला चालते. अभियांत्रिकीला चालत नाही. त्यामुळे ‘घरबसल्या दूरशिक्षणाने एम.टेक.’ अशी जाहिरात दिसली, तर पुढे काही विचारण्याची गरजच उरत नाही.

या नियमामागे अनेक कुटुंबांनी सोसलेली हानी आहे. सर्वोच्च न्यायालयाने ३ नोव्हेंबर २०१७ रोजी दिलेल्या निकालात चार अभिमत विद्यापीठांनी अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या मान्यतेविना दूरशिक्षणाने दिलेल्या अभियांत्रिकी पदव्यांचा विचार झाला. २००१ ते २००५ या सत्रांत प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या स्थगित करून त्यांना परिषदेची परीक्षा उत्तीर्ण होण्याची अट घालण्यात आली, आणि त्यानंतर प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या रद्द ठरल्या. त्या पदवीच्या बळावर बढती मिळालेले, घराचे हप्ते सुरू झालेले लोक त्यात होते. त्यांनी अभ्यास केला नव्हता असे नाही. प्रवेशाच्या वेळी संस्थेचे नाव पाहिले गेले आणि त्या विशिष्ट अभ्यासक्रमाची मान्यता पाहिली गेली नाही, एवढाच फरक त्यांच्या वाट्याला आला, आणि तो फार महाग पडला.

आजची व्यवस्था त्या काळापेक्षा पुष्कळ स्पष्ट आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२० साली मुक्त, दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रमांसाठी एकत्र विनियम लागू केले, आणि मान्यताप्राप्त विद्यापीठाची या पद्धतीने मिळवलेली पदवी नियमित पदवीशी समकक्ष मानावी, हे सप्टेंबर २०२२ मध्ये पुन्हा जाहीरपणे सांगितले. तेव्हा दूरशिक्षणाची पदवी ‘कमी दर्जाची’ असते, हा समज कायद्याच्या पातळीवर टिकत नाही. परंतु आयोगाच्या दूरशिक्षण विभागाची, म्हणजे डीईबीची, मान्यता विद्यापीठाला सरसकट मिळत नसून ती अभ्यासक्रमवार आणि सत्रवार असते, ही गोष्ट अजूनही बहुसंख्य पालकांना ठाऊक नसते. एखाद्या विद्यापीठाचे दूरस्थ एम.कॉम. मान्य असेल, म्हणून त्याचे दूरस्थ एम.सी.ए. मान्य असेलच असे नाही, आणि गेल्या वर्षी मान्य असलेला अभ्यासक्रम यंदाच्या यादीत असेल असेही गृहीत धरता येत नाही. म्हणून शुल्क भरण्यापूर्वी विभागाच्या यादीत विद्यापीठ, अभ्यासक्रम, पद्धत आणि प्रवेशाचे सत्र या चारही गोष्टी एकाच ओळीत सापडतात की नाही हे स्वतः पाहावे, त्या पानाची तारखेसह छापील प्रत काढून प्रवेशाच्या पावतीसोबत ठेवावी, आणि २०२४ पासून अशा प्रवेशांसाठी लागणारा डीईबी ओळखक्रमांक स्वतःच तयार करावा, दुसऱ्याच्या हाती सोपवू नये.

हा आग्रह अनुभवातून आलेला आहे. प्रस्तुत लेखकाच्या परिचयातील एका पदवीधराने जिल्ह्याच्या गावी एका संगणक प्रशिक्षण वर्गात, परराज्यातील विद्यापीठाचे ‘अधिकृत केंद्र’ अशी पाटी पाहून, दूरस्थ एम.सी.ए.साठी पैसे भरले. पावती त्या वर्गाच्या नावाची होती, विद्यापीठाची नव्हती, आणि परीक्षेची वेळ आली तेव्हा विद्यापीठाच्या नोंदवहीत त्याचे नावच आढळले नाही. दूरशिक्षण फ्रँचायझी देऊन चालवण्यास नियमांनी बंदी आहे; त्यामुळे शुल्क थेट विद्यापीठाच्या खात्यात जात नसेल, तर त्या एका खुणेवरच प्रवेश थांबवावा.

मान्यतेचा प्रश्न एका दुपारच्या तपासणीने सुटतो. वेळेचा प्रश्न तसा सुटत नाही, आणि दूरशिक्षणाने संगणक शिकणारे विद्यार्थी मध्येच थांबतात ते प्रामुख्याने याच ठिकाणी. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या, म्हणजे इग्नूच्या, नव्या एम.सी.ए.चे उदाहरण घेतले तर हिशेब स्वच्छ मांडता येतो. या विद्यापीठाची मुंबई, पुणे, नागपूर आणि पणजी येथे प्रादेशिक केंद्रे असल्याने मराठी विद्यार्थ्यांना ते जवळचे आहे. त्याचा हा अभ्यासक्रम चार सत्रांचा असून प्रत्येक सत्रास २० याप्रमाणे एकूण ८० श्रेयांकांचा आहे. श्रेयांक म्हणजे अभ्यासाचे मोजमाप. इग्नूत एक श्रेयांक म्हणजे विद्यार्थ्याचे सुमारे ३० तासांचे अध्ययन, ज्यात वाचन, स्वाध्याय, संपर्कवर्ग आणि प्रात्यक्षिक हे सारे येते. म्हणजे एकूण २,४०० तास. दोन वर्षांत ते बसवायचे तर आठवड्याला साधारण २३ तास लागतात. दिवसभर नोकरी करून रोज तीन तासांहून अधिक, तेही सणवार, लग्नकार्ये, आजारपणे न वगळता, ही अपेक्षा किती जड आहे हे माहितीपत्रक हातात घेतलेल्या उत्साही क्षणी लक्षात येत नाही. विद्यापीठाने अभ्यासक्रम पूर्ण करण्यास चार वर्षांपर्यंत मुभा दिली आहे, ती याच कारणासाठी मोलाची आहे. तीन किंवा चार वर्षांची आखणी पहिल्याच दिवशी करणारा विद्यार्थी पुष्कळदा पदवीपर्यंत पोहोचतो, आणि दोन वर्षांचा निर्धार करून पहिल्या सत्रात तीन विषय राहिलेला विद्यार्थी पुष्कळदा पुन्हा पुस्तक उघडत नाही.

तासांच्या बेरजेखेरीज त्यांचे वर्षभरातील वाटपही पाहावे लागते. सत्रांत परीक्षा जून आणि डिसेंबरात असतात, स्वाध्याय त्याआधी द्यावे लागतात, आणि ते दिल्याशिवाय त्या विषयाचा निकाल पूर्ण होत नाही. बँक, पतसंस्था किंवा लेखा विभागात काम करणाऱ्याचे मार्चअखेरचे काम आणि उन्हाळी परीक्षेचे स्वाध्याय एकमेकांवर आदळतात. प्रस्तुत लेखकाने नोकरी सांभाळून हा अभ्यासक्रम केला तेव्हा स्वाध्याय फेब्रुवारीच्या आत लिहून संपवण्याची सवयच अखेर उपयोगी पडली. शिक्षक असलेल्यांना दहावी-बारावीच्या उत्तरपत्रिकांचा काळ आड येतो, शेतीवर अवलंबून असलेल्यांना पेरणी आणि काढणीचा. ज्याने त्याने आपल्या व्यवसायाचे पंचांग परीक्षेच्या वेळापत्रकाशेजारी ठेवून पाहिल्याशिवाय विषयांची संख्या ठरवू नये.

संगणकाचा अभ्यासक्रम इतिहास किंवा मराठीच्या दूरस्थ अभ्यासक्रमापेक्षा वेगळा पडतो तो प्रात्यक्षिकामुळे. वरील ८० श्रेयांकांपैकी १२ प्रयोगशाळेतील कामाचे आणि १२ अखेरच्या सत्रातील प्रकल्पाचे आहेत, म्हणजे पदवीचा जवळजवळ तिसरा हिस्सा घरी पुस्तक वाचून मिळत नाही. प्रात्यक्षिकांना अभ्यासकेंद्रावर प्रत्यक्ष हजेरी लागते, आणि अभ्यासकेंद्र आपल्या गावापासून शंभर किलोमीटरवर असेल तर त्या फेऱ्यांची रजा, प्रवास आणि मुक्काम हाही शिक्षणाचाच खर्च समजावा. म्हणून प्रवेशअर्जात केंद्र निवडण्यापूर्वी तेथे स्वतः जाऊन प्रात्यक्षिके सुट्टीच्या दिवशी होतात की सलग आठवडाभर, संगणक पुरेसे आहेत का आणि शिकवणारे त्या विषयाचे आहेत का, याची चौकशी आधीच्या तुकडीतील विद्यार्थ्यांकडे करावी. घरीही स्वतःचा संगणक हवा. मोबाइलवर व्याख्याने ऐकता येतात, पण आज्ञावली लिहून, ती चुकून, चूक शोधून पुन्हा चालवण्याचे काम मोबाइलवर होत नाही, आणि संगणकशास्त्र अंगवळणी पडते ते त्याच कामातून.

पहिल्या सत्रातच विविक्त गणित, म्हणजे संच, तर्क, आलेख आणि मोजणीच्या पद्धतींचे गणित, आणि अल्गोरिदमची रचना व विश्लेषण हे विषय एकत्र येतात. वाणिज्य किंवा कला शाखेतून आलेल्यांची खरी परीक्षा येथे होते. त्यांनी प्रवेशाआधी काही महिने बारावीचे गणित आणि एक आज्ञावली-भाषा, सी किंवा पायथन, पक्की करावी. इग्नूचे छापील घटक ई-ज्ञानकोश या संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य वाचता येतात, त्यामुळे विषय झेपतो का हे शुल्क भरण्याआधीच पडताळून पाहता येते. ‘स्वयम्’ या राष्ट्रीय मंचावर आय.आय.टी.च्या अध्यापकांचे याच विषयांवरचे अभ्यासक्रम आहेत, आणि दूरस्थ विद्यार्थ्याला ज्याची सर्वांत उणीव भासते ते शिक्षकाच्या तोंडून होणारे विवेचन तेथे मिळते.

प्रकल्पाची तयारी मात्र शेवटच्या सत्राची वाट न पाहता करावी. प्रकल्पाचा प्रस्ताव मार्गदर्शकाच्या शैक्षणिक माहितीसह आधी मंजूर करून घ्यावा लागतो, आणि मार्गदर्शकाची पात्रता नियमांत ठरलेली असते. कार्यालयातील अनुभवी वरिष्ठ मार्गदर्शन करण्यास तयार असतात, परंतु त्यांची पदवी नियमात बसत नसल्याने प्रस्ताव परत येतो आणि सहा महिने हातचे जातात, असे प्रस्तुत लेखकाच्या सहाध्यायांपैकी एकीच्या बाबतीत घडले. जवळच्या महाविद्यालयातील संगणक विभागाच्या प्राध्यापकांशी तिसऱ्या सत्रापासून ओळख ठेवावी, आणि विषय आपल्या कामाच्या ठिकाणच्या खऱ्या गरजेतून घ्यावा. बाजारात तयार मिळणारे प्रकल्प तोंडी परीक्षेतील दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नालाच उघडे पडतात, आणि त्याहून मोठे नुकसान असे की ३६० तासांचे जे शिक्षण नोकरीच्या मुलाखतीत थेट कामास येते तेच वाया जाते.

ज्यांना पदवीपेक्षा लवकर नोकरी हवी आहे आणि सुमारे सहा महिने पूर्ण वेळ देता येतो, त्यांनी सी-डॅक या शासकीय संस्थेच्या प्रगत संगणनातील पदव्युत्तर पदविकेचा विचार आधी करावा. सी-कॅट या प्रवेशपरीक्षेद्वारे मिळणारा तो सुमारे ९०० तासांचा सलग अभ्यास आहे, परंतु ती पदवी नव्हे, त्यामुळे अध्यापनाच्या पात्रतेला तिचा आधार घेता येत नाही. उलट ज्यांना महाविद्यालयात शिकवायचे आहे त्यांनी नेट किंवा महाराष्ट्राची सेट परीक्षा देण्यासाठी पदव्युत्तर पदवीला खुल्या प्रवर्गात किमान ५५ टक्के आणि राखीव प्रवर्गांत ५० टक्के गुण लागतात हे पहिल्या सत्रापासून ध्यानात ठेवावे, कारण केवळ उत्तीर्ण होण्याच्या बेताने दिलेले पहिल्या वर्षाचे विषय पुढे ही सरासरी खाली ओढतात, आणि ती वर आणण्यासाठी अखेरच्या सत्रात प्रकल्पाखेरीज फारसे काही हाती उरत नाही.