सूर्यास्ताआधी १८ मिनिटं

आमच्या घरातले सणवार आता फोनवरून चालतात. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. मूळ गाव अलिबागजवळ, राहतो ठाण्यात, आणि निम्मी भावकी इस्राएलमध्ये अश्दोद, लोद, दिमोना या गावांत. माझ्या लहानपणी सणाची तारीख हवी असली की सिनेगॉगमधलं छापील कॅलेंडर बघायचं, नाहीतर हज्जानना, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्यांना, विचारायचं. आज कोकणातल्या कितीतरी गावांत ज्यूंचं एखादंच घर उरलंय आणि तिथलं सिनेगॉग सणापुरतं उघडतं. अशा घराला विचारायला शेजारी कोणी नसतं. हेबकॅल नावाचं एक विनामूल्य संकेतस्थळ आहे. १९९२ साली डॅनी सॅडिनॉफ यांनी लिहिलेल्या एका लहानशा प्रोग्रॅममधून ते पुढे उभं राहिलं. त्याने या एकट्या घरांची मोठी सोय केली आहे आणि त्याबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते. पण ते वापरायचं कसं, हे वापरता वापरताच कळलं. ते इथे मांडते.

१. सगळ्यात आधी आपलं गाव सांगा.

आमचा दिवस सूर्यास्ताला संपतो आणि पुढचा तिथूनच सुरू होतो. शुक्रवारी शब्बाथचे दिवे सूर्यास्ताच्या साधारण १८ मिनिटं आधी लावायचे, जेरुसलेममध्ये मात्र ४० मिनिटं आधी लावायचा रिवाज आहे. म्हणजे गाव बदललं की सगळंच बदललं. मुंबई-ठाण्यात नोव्हेंबरअखेर सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जुलैच्या सुरुवातीला सव्वासातनंतर. आमच्याकडचा फरक एवढाच. लंडनला राहणाऱ्या आपल्या माणसाला डिसेंबरात दुपारी पावणेचारच्या आत दिवे लावावे लागतात आणि जूनमध्ये रात्री नऊपर्यंत थांबावं लागतं. प्रोग्रॅममध्ये शहराचं नाव भरलं नाही, तर तो दाखवतो ती वेळ दुसऱ्याच कोणाची तरी असते.

व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या चित्रांचंही हेच. इस्राएलमधली मावशी प्रेमाने दिव्यांच्या वेळांचा तक्ता पाठवते, तो इकडच्या तीन गटांवर फिरतो, आणि त्यात वेळा असतात तिच्या शहरातल्या. पुढे पाठवण्याआधी तक्त्याच्या डोक्यावरचं शहराचं नाव वाचावं. नाव नसेल तर तक्ता पाठवूच नये. वर्षभराचं कॅलेंडर कोणी पाठवलं तर आणखी एक परीक्षा सोपी आहे. रोश हशाना, म्हणजे आमच्या नव्या वर्षाचा पहिला दिवस, रविवारी, बुधवारी किंवा शुक्रवारी कधीच येत नाही. गणिताचा नियमच तसा बांधला आहे. त्या वारी दाखवला असेल तर ते कॅलेंडर बाजूला ठेवा.

२. ‘इस्राएल’ की ‘इस्राएलबाहेर’, ही खूण नीट करा.

पेसाह इस्राएलमध्ये सात दिवसांचा, बाहेर आठ दिवसांचा. बाहेर बऱ्याच सणांना एक दिवस जादा असतो. पूर्वी नव्या चंद्राची बातमी जेरुसलेमहून लांबच्या गावांना वेळेत पोचेल याची खात्री नसे, म्हणून तिथले लोक दोन दिवस पाळत. महिने गणिताने ठरू लागले तरी तो दिवस राहिला. आठवा दिवस शनिवारी आला की तोराच्या साप्ताहिक वाचनातही अंतर पडतं. २०२२ मध्ये तसंच झालं. एप्रिलपासून पुढचे तीन महिने इस्राएलमध्ये एक पाराशा, म्हणजे आठवड्याचा उतारा, वाचला जात होता आणि ठाण्यात दुसरा. आमच्याकडे कोणाचं बार मित्झवा असतं, मुलगा महिनोन्महिने एकच उतारा सुरात बसवत असतो आणि आजोबा दिमोनाहून फोनवर शिकवत असतात. अशा वेळी दोघांच्या फोनवर ही एक खूण वेगळी असेल तर मुलाची मेहनत भलत्याच उताऱ्यावर खर्च होईल. मी तर अशा वेळी तारीख सांगत नाही, पाराशाचं नावच सांगते.

३. फोनमध्ये सण ज्या तारखेला दिसतो, त्याच्या आदल्या संध्याकाळी तो सुरू झालेला असतो.

फोनचं कॅलेंडर मध्यरात्र ते मध्यरात्र चालतं, आमचं संध्याकाळ ते संध्याकाळ. कचेरीत रजा मागताना हे विसरून चालत नाही. किप्पूरचा उपास दुसऱ्या संध्याकाळी तारे दिसेपर्यंत, जवळजवळ २५ तास चालतो. रजा एक दिवसाची पुरते, पण आदल्या दिवशी लवकर निघण्याची परवानगीही हवी. ‘एरेव’ असं लिहिलेली नोंद म्हणजे तो आदला दिवस. ती नोंद चालू ठेवा.

४. अधिक महिना समजून घेतला की निम्मा गोंधळ मिटतो.

हे मराठी माणसाला समजावणं सोपं आहे, म्हणून शेजाऱ्यांनाही मी आवर्जून सांगते. आमचे महिने चंद्राचे आणि ऋतू सूर्याचे, पंचांगात असतात तसेच. पेसाह वसंतातच यायला हवा, म्हणून १९ वर्षांत सात वेळा एक महिना वाढवायचा, तो म्हणजे पहिला अदार. चक्रातलं तिसरं, सहावं, आठवं, अकरावं, चौदावं, सतरावं आणि एकोणिसावं वर्ष अशी जागा ठरलेली आहे. पंचांगात ज्या चांद्रमासात सूर्याची संक्रांत होत नाही तो अधिक. रीत वेगळी, हेतू एकच. नियम इतके पक्के असल्यामुळेच संगणक पुढच्या शंभर वर्षांचेही सण क्षणात काढून देतो.

यातून फार सुंदर जुळण्या घडतात. २०२५ मध्ये १४ मार्चला पुरीम होता आणि त्याच दिवशी धुळवड. २ ऑक्टोबरला किप्पूर होता आणि त्याच दिवशी दसरा. इकडे अश्विनाची दशमी, तिकडे तिश्रीची दहावी तारीख. दोन्ही महिने अमावास्येच्या पाठीवर सुरू होतात म्हणून असं जुळतं. आमच्या चाळीत तोरणं लागत होती आणि आम्ही पांढरे कपडे घालून सिनेगॉगला निघालो होतो. २०२६ मध्ये मात्र अधिक ज्येष्ठ आधीच येऊन गेलेला असल्याने दसरा २० ऑक्टोबरला आणि किप्पूर २१ सप्टेंबरलाच. मग २०२७ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आमचा जादा अदार येतो आणि २३ मार्चचा पुरीम पुन्हा होळीच्या शेजारी जाऊन बसतो. आमच्या पूर्वजांनी पुरीमला होळीचा सण म्हटलं, ते उगाच नव्हे.

५. पुण्यतिथी भरताना तारखेइतकीच वेळही महत्त्वाची.

फोनचा सगळ्यात मोलाचा उपयोग मला इथे झाला. आई-वडिलांची पुण्यतिथी आम्ही हिब्रू तारखेने पाळतो. दिवा लावतो, काद्दिश ही प्रार्थना म्हणायला दहा पुरुष जमवावे लागतात. इंग्रजी तारीख भरली की हेबकॅल पुढच्या कित्येक वर्षांच्या तारखा काढून देतं. तिथे हा भाग ‘यारझाइट’ या नावाखाली सापडेल. पण तो एक प्रश्न विचारतो: मृत्यू सूर्यास्ताआधी झाला की नंतर? नंतर झाला असेल तर हिब्रू तारीख पुढची. महापालिकेच्या दाखल्यावर तारीख असते, वेळ नसते. ती वेळ फक्त त्या रात्री घरात असलेल्या माणसांना माहीत असते, आणि ती माणसं आता म्हातारी झाली आहेत. मी आत्यांना एकेक करून विचारलं. कोणी सांगितलं, दिवेलागण झाली होती. कोणी सांगितलं, शेवटची बोट निघून गेली होती. अशा आठवणींवरून मी आजोबांची तारीख पक्की केली.

जुन्या पिढीसाठी कब्रस्तानात जावं लागतं. आमच्या अनेक दगडांवर हिब्रू आणि मराठी दोन्ही कोरलेलं आहे. हिब्रू वर्ष अक्षरांत असतं. त्यांची बेरीज करून इंग्रजी साल काढायचं तर ५६८० सारख्या आकड्यातून ३७६० वजा करायचे, आणि तारीख रोश हशाना ते डिसेंबरअखेरच्या काळातली असेल तर ३७६१. फोटो काढा, अक्षरं मोठी करून वाचा, मग परिवर्तकात घाला. दगड झिजतात. हे काम पुढच्या पावसाळ्यावर टाकू नका.

अदार महिन्यात गेलेल्या माणसाचा प्रश्न वेगळा. वर्षात दोन अदार आले तर पुण्यतिथी कोणत्या अदारात पाळायची? अश्केनाझी रीत पहिल्याकडे झुकते, सेफार्दी रीत दुसऱ्याकडे. यंत्र त्याला शिकवलेलं एकच उत्तर देईल. आमची प्रार्थनेची रीत बव्हंशी सेफार्दी वळणाची, त्यामुळे मी ही एक गोष्ट हज्जानना विचारूनच नोंदवली आहे. तुम्हीही तसंच करा.

६. आठवणीची घंटी सणासाठी लावू नका, तयारीसाठी लावा.

दिवे लावायच्या वेळी घंटी वाजून काय उपयोग? किद्दुशला, म्हणजे शब्बाथच्या आशीर्वादाला, आमच्याकडे काळ्या मनुकांचं शरबत लागतं. मनुका भिजल्याच नाहीत तर शरबत कुठून येणार? म्हणून माझी घंटी शुक्रवारी सकाळी वाजते. नव्या वर्षाला चिकाचा हलवा हवाच. गहू भिजत घालून, रोज पाणी बदलून, वाटून चीक काढायचा तर तीन दिवस आधी सुरुवात करावी लागते, मग नारळाच्या दुधात तो तासन्‌तास घोटायचा. त्याची घंटी तीन दिवस आधीची. पेसाहच्या साफसफाईची तर पंधरा दिवस आधीची.

आणि शब्बाथला, सणाला आम्ही फोनला हात लावत नाही. म्हणजे ज्या दिवशी वेळ बघायची सगळ्यात जास्त गरज, त्याच दिवशी फोन बंद. यावर इलाज कागदाचा. महिन्याच्या सुरुवातीला वेळा छापून फ्रिजच्या दारावर लावा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला तो कागद जास्त आवडतो, हेही सांगते. ओमेरची मोजणी मात्र फोनवर छान जमते. पेसाहच्या दुसऱ्या रात्रीपासून ४९ रात्री मोजायच्या, एक अख्खा दिवस राहिला तर पुढे आशीर्वाद म्हणता येत नाही. रोज अंधार पडल्यावर एक घंटी. शुक्रवार आणि सणाच्या रात्री तेवढ्या कागदाच्या भरवशावर.

७. नोंदी थोड्या ठेवा.

प्रत्येक चौकोनात खूण केली तर फोन भरून जातो आणि मग कोणी बघतच नाही. मोठे सण, उपास, रोश होदेश (महिन्याची सुरुवात), दिव्यांची वेळ, पाराशा एवढं पुरे. फाइल उतरवून फोनमध्ये ओतण्यापेक्षा कॅलेंडर ‘सबस्क्राइब’ करण्याचा पर्याय घ्यावा. तो आपोआप ताजा राहतो आणि नोंदी दुहेरी होत नाहीत.

८. आपले सण आपणच भरायचे.

जगभरासाठी केलेल्या कॅलेंडरात तू बिश्वात, म्हणजे १५ श्वात, हा झाडांचा लहानसा दिवस म्हणून येतो. आमच्यासाठी तो एलियाहू हन्नाबीचा दिवस आहे. अलिबागजवळच्या खंडाळ्याला जायचं, मलिदा करायचा, पोहे-नारळ-फळांच्या ताटासमोर प्रार्थना म्हणायची. हे कोणतंही परदेशी ॲप सांगणार नाही. तसेच आमच्या आज्यांच्या तोंडचे नव्याचा सण, दारफाळणीचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा सण. हायेम सॅम्युएल केहिमकरांनी एकोणिसाव्या शतकाअखेर लिहिलेल्या आमच्या इतिहासात हे सण नोंदवून ठेवले, म्हणून ते आपल्याला ठाऊक तरी आहेत. मी माझ्या कॅलेंडरात ‘योम किप्पूर’च्या खाली ‘दारफाळणीचा सण’ असं मराठीत लिहिलं आहे आणि ते कॅलेंडर अश्दोदच्या भाचरांनाही जोडून दिलं आहे. त्यांना हिब्रू आमच्यापेक्षा उत्तम येतं, पण ही नावं त्यांना दुसरीकडे कुठे मिळणार नाहीत.

घरातलं सगळ्यात वयस्क माणूस आज बोलू शकत असेल, तर या आठवड्यात त्याच्याजवळ वही आणि फोन घेऊन बसा. कोण कधी गेलं, उजेडी की अंधारी, कोणत्या सणाला घरात काय शिजायचं आणि त्याला काय म्हणायचे, हे विचारून लिहून घ्या. हिब्रू तारखा नंतर यंत्र काढून देईल.