वाऱ्याची बातमी सगळ्यांची

मी इयत्ता चौथीत शिकते. २०२० साली मी अंगणवाडीत होते. त्या वर्षी ३ जूनला आपल्या कोकणात निसर्ग चक्रीवादळ आले. आदल्या दिवशी गावात सांगितले होते, की वादळ येणार, पक्क्या इमारतीत जा. आम्ही या शाळेतच येऊन राहिलो. आजोबा यायला तयार नव्हते. ते म्हणाले, "असली वादळं मी खूप पाहिली." पण बाबांनी त्यांना हात धरून आणलेच. वादळात आमची कौले उडाली, पोफळी मोडल्या आणि पडवीची भिंत पडली. आजोबांची खाट तिथेच होती!

वादळ येणार हे आधी कसं कळलं? मी गुरुजींना विचारले. त्यांनी मला छान माहिती सांगितली.

वारा कोणत्याही देशाची हद्द मानत नाही. म्हणून एकट्या देशाला पुढचे हवामान नीट कळत नाही. शेजारच्या आभाळात काय चाललंय तेही कळावे लागते. यासाठी जागतिक हवामान संघटना आहे. ती २३ मार्च १९५० रोजी सुरू झाली. तिचे कार्यालय जिनिव्हा येथे आहे. तिचे १९३ सभासद आहेत.

जगात शेकडो ठिकाणी एकाच वेळी मोठे फुगे आकाशात सोडतात. तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात. माझी आई तेव्हा चूल पेटवते. संध्याकाळी साडेपाचला पुन्हा फुगे सोडतात. फुग्याला एक लहान पेटी बांधलेली असते. वर किती थंडी आहे, हवा किती दमट आहे, हे ती रेडिओने खाली कळवते. उपग्रह वरून ढगांची चित्रे काढतात. ही माहिती देश एकमेकांना देतात. ती संगणकात घालून अंदाज काढतात. एखाद्या देशाने आकडे दिलेच नाहीत, तर नकाशात तेवढी जागा कोरी राहते आणि सगळ्यांचाच अंदाज चुकू शकतो.

अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर यांतल्या वादळांची बातमी दिल्लीचे केंद्र १३ देशांसाठी देते. त्यात पाकिस्तानसुद्धा आहे. या देशांनी २०२० साली वादळांची नावे ठरवली. प्रत्येकाने १३ नावे दिली. १३ गुणिले १३ म्हणजे १६९ नावे झाली. त्यातले पहिले नाव निसर्ग. मला वाटायचे ते आपणच ठेवले. पण ते बांगलादेशाने दिले होते!

आमच्या नव्या पोफळी आता माझ्याहून उंच झाल्या आहेत. आजोबा त्यांना रोज पाणी घालतात. आणि हवामानाची बातमी लागली, की आता तेच आम्हाला गप्प बसवतात.

पालकांनो, बातमी इतक्या लांबून आपल्यासाठी येते. ती ऐका आणि वेळेवर घर सोडा.