लॅपटॉप म्हातारा झालाय की ओझं वाढलंय? जुन्या यंत्रांवर मुक्त प्रणाली बसवण्याचा पाठ



१४ ऑक्टोबर २०२५ ही तारीख आठवते का? त्या दिवशी विंडोज १० ची नियमित सुरक्षा-अपडेट्स थांबली. काही मुदतवाढीच्या योजना सोडल्या, तर त्या प्रणालीवर चालणाऱ्या संगणकांना नवी डागडुजी मिळणं बंद झालं. विंडोज ११ टाकायची म्हटलं तर तिला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. साधारण २०१७ च्या आधीचे बहुतेक लॅपटॉप तिथेच अडतात. म्हणजे स्क्रीन चांगली, कीबोर्ड चांगला, चार्जर चालू, तरीही यंत्र 'जुनं' ठरलं. मग दुकानदार सांगतो, "सर, आता नवीनच घ्या."

नवीन घ्यायचा म्हणजे तीस-चाळीस हजार. एखाद्या घराला ते दोन महिन्यांच्या पगाराएवढे असतात. शाळेला तर असा खर्च मंजूर व्हायला वर्ष जातं. म्हणून आजच्या लेखात आपण पाहूया, की बैल खरंच म्हातारा झालाय की गाडीत ओझं जास्त भरलंय.

यंत्र जुनं होतं म्हणजे नेमकं काय?

संगणकाचे दोन भाग आपण मुलांना शिकवतोच: हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर. हार्डवेअर झिजतं, पण हळूहळू. बॅटरी बसते, हार्ड डिस्क मंदावते, पंख्यात धूळ साचते. यातल्या बऱ्याच गोष्टी बदलता येतात. सॉफ्टवेअर झिजत नाही; त्याचा पाठिंबा काढून घेतला जातो. दहा वर्षांपूर्वी ४ जीबी रॅममध्ये आरामात चालणारं यंत्र आज रडतं, कारण प्रणाली आणि ब्राउझर दोन्ही जड झालेत. प्रोसेसर मात्र सेकंदाला पूर्वीइतकीच कामं करतोय.

इथे मुक्त स्रोत प्रणाली कामाला येते. मुक्त स्रोत म्हणजे ज्या प्रणालीचा मूळ कोड कुणालाही वाचता, बदलता आणि पुढे वाटता येतो ती. १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहायला घेतला. दोन्ही एकत्र येऊन जी प्रणाली तयार झाली, तिची आज शेकडो रूपं आहेत. मोठ्या कंपनीने एखादं जुनं यंत्र सोडून दिलं, तरी ते वापरणारी माणसं त्याचा पाठिंबा चालू ठेवू शकतात. आपल्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा फायदा हाच.

निळ्या राउटरची गोष्ट

राउटर हाही एक छोटा संगणकच असतो, हे मुलांना सांगून बघा. बहुतेकांना नवल वाटतं. त्यात प्रोसेसर असतो, रॅम असते, साठवणीची चिप असते. फक्त स्क्रीन आणि कीबोर्ड नसतो.

२००२ च्या शेवटी लिंकसिस कंपनीचा डब्ल्यूआरटी ५४ जी हा निळा-काळा राउटर बाजारात आला. २००३ मध्ये काही जाणकारांच्या लक्षात आलं, की त्याच्या पोटात लिनक्स आहे. आता, लिनक्सचा परवाना सांगतो की आमचा कोड वापरून वस्तू विकायची असेल, तर तो कोड ग्राहकालाही द्यावा लागेल. ही अट दाखवून लोकांनी मागणी लावून धरली आणि कंपनीने कोड खुला केला. त्याच कोडवरून २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प सुरू झाला. आज तो वेगवेगळ्या कंपन्यांच्या शेकडो राउटरांवर चालतो.

त्या पहिल्या राउटरमध्ये १६ एमबी रॅम आणि ४ एमबी साठवण होती. आज मोबाइलने काढलेला एक फोटो जेवढी जागा घेतो, तेवढ्यात अख्खी प्रणाली! नागरिकशास्त्राच्या तासालाही ही गोष्ट सांगता येईल. परवान्यातली एक अट लोकांनी नीट वाचली आणि ती पाळली जावी म्हणून आग्रह धरला. त्यातून जगभरच्या लोकांचा फायदा झाला.

लॅपटॉपवर लिनक्स: क्रमाने कसं करायचं?

शाळेचा लॅपटॉप असेल तर पहिली पायरी तांत्रिक नाहीच. तो डेड स्टॉक रजिस्टरमध्ये नोंदलेला असतो. मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घ्या, मगच हात लावा.

१. रॅम बघा. ४ जीबी किंवा जास्त असेल तर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती चांगली. तिचा चेहरामोहरा ओळखीचा वाटतो, मुलं पाच मिनिटांत रुळतात. २ जीबी असेल तर अँटीएक्ससारखी हलकी प्रणाली घ्या. खूप जुना, ३२ बिटचा प्रोसेसर असेल तर आधी ते तपासा; मिंट आता फक्त ६४ बिटवर चालते.

२. सगळ्या फाइल्स दुसरीकडे उतरवून घ्या. ही पायरी गाळू नका. विंडोजमध्ये बिटलॉकर चालू असेल, तर त्याची रिकव्हरी की आधी लिहून ठेवा.

३. प्रणालीची आयएसओ फाइल तिच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवा आणि रुफस किंवा बलेना एचर वापरून ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर लिहा. त्या पेन ड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं, एवढं ध्यानात असू द्या.

४. लॅपटॉप चालू करताना बूट मेनूची कळ दाबा. कुठे एफ १२, कुठे एफ ९, कुठे एस्केप. कंपनीगणिक ती बदलते.

५. आता लगेच इन्स्टॉल करू नका! प्रणाली पेन ड्राइव्हवरूनच चालवून बघता येते. वाय-फाय, आवाज, कॅमेरा, टचपॅड, स्क्रीनचा उजेड कमी-जास्त होणं, झाकण मिटून उघडल्यावर जाग येणं, हे सगळं तपासा. वाय-फाय दिसत नसेल तर मोबाइल यूएसबी केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा. इंटरनेट मिळालं की बहुतेक वेळा हवा तो ड्रायव्हर उतरवता येतो.

६. सगळं ठीक वाटलं, तरच इन्स्टॉल करा. जागा असेल तर विंडोजच्या शेजारीही बसवता येतं.

एक खर्च मात्र करण्यासारखा आहे. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवा आणि शक्य असेल तर रॅम वाढवा. नव्या लॅपटॉपच्या किमतीच्या मानाने हा खर्च फारच कमी, आणि फरक मुलांनासुद्धा पहिल्या दिवशी जाणवतो. जुन्या लॅपटॉपवर खरं ओझं ब्राउझरच्या उघड्या टॅबचं असतं. मुलांना दोन-तीनच टॅब उघडे ठेवायची सवय लावा.

मराठीचं काय?

हा प्रश्न प्रत्येक शिक्षकाला पडतो. युनिकोड मराठी लिनक्सवर नीट दिसते. लोहित देवनागरी, नोटो असे फॉण्ट मोफत मिळतात. इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक दोन्ही पद्धतींनी टाइप करता येतं.

अडचण येते ती जुन्या प्रश्नपत्रिकांची. श्रीलिपी, कृतिदेव अशा फॉण्टमधल्या फाइल्स उघडल्या की अक्षरांच्या जागी भलतंच काहीतरी दिसतं. तो फॉण्ट नसेल तर विंडोजवरही हेच होतं. उपाय एकच, सवडीने त्या युनिकोडमध्ये बदलून घ्या. लिब्रेऑफिसमध्ये केलेली प्रश्नपत्रिका दुसऱ्याच्या संगणकावर थोडी हलू शकते, म्हणून छापायला देताना पीडीएफच द्या.

राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी: इथे घाई नको

लॅपटॉपवर काही बिघडलं तर पेन ड्राइव्ह असतो. राउटरवर चुकीची फाइल गेली तर तो परत उठवणं बरंच किचकट असतं. म्हणून हे नीट वाचा.

राउटर उलटा करा. खालच्या स्टिकरवर मॉडेल आणि त्याची आवृत्ती लिहिलेली असते. दोन्ही हवेत. टीपी-लिंकचा डब्ल्यूआर ८४१ एन घ्या. एकाच नावाखाली वर्षानुवर्षं वेगवेगळी सर्किटं विकली गेली. काही आवृत्त्यांत ४ एमबी साठवण, काहींत ८. ४ एमबी साठवण आणि ३२ एमबी रॅमवाल्या राउटरांना ओपनडब्ल्यूआरटीच्या नव्या आवृत्त्या चालत नाहीत. प्रकल्पाच्या हार्डवेअर यादीत आपली अचूक आवृत्ती सापडली, तरच पुढे जा. नवा घेणार असाल तर १६ एमबी साठवण आणि १२८ एमबी रॅम असलेला बघा.

पहिल्यांदा बदलताना सहसा 'फॅक्टरी' नावाची फाइल लागते, नंतरच्या अपडेटला 'सिसअपग्रेड'. काम लॅन केबल लावून करा, वाय-फायवरून नाही. वीज जाण्याची वेळ टाळा किंवा इन्व्हर्टरवर करा.

बदल झाल्यावर वाय-फाय दिसत नाही आणि लोक घाबरतात. घाबरू नका, ओपनडब्ल्यूआरटीमध्ये वाय-फाय सुरुवातीला बंदच असतं. केबलने जोडून ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ हा पत्ता इंग्रजी आकड्यांत टाका, आधी ॲडमिनचा पासवर्ड ठेवा, मग देश भारत निवडून वाय-फायला पासवर्ड देऊन ते चालू करा.

इंटरनेट कंपनीने दिलेल्या फायबरच्या डब्याला मात्र हात लावू नका; तो सहसा कंपनीच्या मालकीचा असतो. आपला राउटर त्याच्या मागे जोडा. दोघांचा पत्ता सारखाच असेल तर गोंधळ होतो. अशा वेळी आपल्या राउटरचा पत्ता १९२.१६८.२.१ करा.

इंटरनेटशिवाय वाचनालय

२००७ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या कर्जतजवळच्या खैराट गावच्या शाळेत 'एका मुलाला एक लॅपटॉप' या जागतिक प्रकल्पाचे हिरवे-पांढरे लॅपटॉप आले होते. रॅम फक्त २५६ एमबी, प्रणाली लिनक्स. बाहेरचं इंटरनेट नसलं तरी ते एकमेकांशी बिनतारी जोडले जातील, अशी त्यांची रचना होती. तीच कल्पना आज आपण जुन्या सामानातून वापरू शकतो.

एका जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाका आणि त्यावर किविक्स हे मोफत सॉफ्टवेअर बसवा. मराठी विकिपीडिया एका फाइलच्या रूपात एकदाच उतरवून घ्या. किविक्स ती फाइल सगळ्या वर्गाला वाटू शकतं. राउटर चालू केला, मुलांनी टॅबलेटवर त्या लॅपटॉपचा पत्ता टाकला, की लेख समोर! रिचार्ज नको, रेंज नको. जाहिराती नाहीत आणि भरकटायला वाटाही नाहीत. वाडीवस्तीवरच्या शाळेला याची किंमत वेगळी सांगायला नको.

वर्गात आणि घरी करून बघा

- आठवी-नववीच्या मुलांना गट करून द्या. जुनी प्रणाली चालू व्हायला किती सेकंद, नवीला किती, ब्राउझर उघडायला किती, हे तीन-तीन वेळा मोजून सरासरी काढू द्या. गणिताचा तासही होतो.
- ओपनडब्ल्यूआरटीच्या पडद्यावर इंटरनेटच्या वापराचा चालता आलेख दिसतो. एका मोबाइलवर व्हिडिओ लावा आणि आलेख कसा उसळतो ते दाखवा. 'डेटा संपतो' म्हणजे काय, ते मुलांना डोळ्यांनी दिसतं.
- पालकांसाठी: ठराविक उपकरणाचं इंटरनेट ठराविक वेळी बंद राहील असा नियम राउटरवर लावता येतो. तो मुलाला शेजारी बसवून, कारण सांगून लावा. गुपचूप लावलेला नियम मुलं आठवड्यात शोधून काढतात!

कुठे अडतं, तेही ऐका

काही प्रिंटर आणि स्कॅनर लिनक्सवर रुसतात. फक्त विंडोजसाठी बनवलेली हिशेबाची, परीक्षेची किंवा डिजिटल सहीची सॉफ्टवेअर चालतीलच असं नाही. ब्राउझरमध्ये उघडणारी शासकीय पोर्टल्स बहुधा चालतात, पण कार्यालयातला एक संगणक तसाच ठेवलेला बरा. जुनी बॅटरी फुगलेली दिसली तर ती वापरू नका, ई-कचऱ्यात द्या.

सगळ्यात मोठी अडचण माणसांची असते. एक उत्साही शिक्षक सगळं बसवतो, त्याची बदली होते आणि लॅपटॉप पुन्हा कपाटात जातात. केरळच्या सरकारी शाळांत वर्षानुवर्षं लिनक्सवर संगणक शिकवला जातो, त्यामागे शिक्षकांचं सातत्याने होणारं प्रशिक्षण आहे. म्हणून काय बसवलं, कसं बसवलं, पासवर्ड कुणाकडे आहे, याची एक वही ठेवा आणि किमान दोन शिक्षकांना व चार मुलांना हे काम येईल असं बघा.

सुरुवात एकाच लॅपटॉपने करा, तोही पेन ड्राइव्हवरून. मुलांना सोबत घ्या. यंत्र बंद पडलं की ते टाकून द्यायचं, एवढंच आजवर त्यांनी पाहिलंय. ते उघडून, समजून घेऊन पुन्हा चालू करता येतं, हे एकदा त्यांना स्वतःच्या हातांनी करू द्या. उद्या दुसरं काही बिघडलं, तर टाकून देण्याआधी ती उघडून बघतील.