दोन काठ्या, एक नाव

शास्त्रपाठ : १ राजे १२:१६-२०, यहेज्केल ३७:१५-२२

देश दुभंगला की जमीन, खजिना व सैन्य ह्यांची वाटणी होते. पण नावाची वाटणी कशी करावयाची? बेळगाव सीमाभागातील वाचकांना हे समजावून सांगावयास नको. पाटीवरील नाव मनाला किती लागते, हे ते जाणतात.

शलमोनाच्या मृत्यूनंतर, इ. स. पू. सुमारे ९३० मध्ये, शखेम येथे राज्य फुटले. यराबामाबरोबर गेलेल्या उत्तरेकडील वंशांनी ‘इस्राएल’ हे नाव ठेवले. वास्तविक ते नाव याकोबाला मिळालेले, म्हणजे बाराही वंशांचे. दक्षिणेकडे दाविदाचे घराणे व मंदिर राहिले. नाव मात्र ‘यहूदा’ ह्या एका वंशाचे. पुढे यरुशलेमेच्या राजवाड्यात उत्तरेला ‘एफ्राईम’ म्हणत (यशया ७:२), म्हणजे त्यांनाही एकाच वंशाचे नाव! इ. स. पू. ७२२ मध्ये शोमरोन पडले. बंदिवासानंतर लिहिलेल्या इतिहासाच्या पुस्तकात तर रहबामाच्याच सरदारांना इस्राएलाचे सरदार म्हटले आहे (२ इतिहास १२:६).

आजच्या काळातील उदाहरण कोरियाचे. १९४५ साली तो देश ३८ व्या अक्षांशावर विभागला गेला व १९४८ साली तेथे दोन सरकारे झाली. दक्षिणेचे लोक आपल्या देशाला ‘हांगुक’ म्हणतात व उत्तरेला ‘बुखान’, म्हणजे उत्तरेकडील हान. उत्तरेचे लोक स्वतःच्या देशाला ‘चोसॉन’ म्हणतात. दक्षिणेला ते ‘नामजोसॉन’, म्हणजे दक्षिणेकडील चोसॉन, म्हणत आले. जणू समोरचा देश आपल्याच घराची एक खोली! १९९१ साली जपानमधील चिबा येथे जागतिक टेबल टेनिस स्पर्धेत दोघांचा एकच संघ उतरला, तेव्हा परक्यांनी रूढ केलेले ‘कोरिया’ हेच नाव दोघांना चालले. त्या संघाच्या महिलांनी सुवर्णपदकही मिळविले.

मग समोरच्याला त्याने स्वतः निवडलेल्या नावाने हाक मारली की भांडण मिटते काय? तसे नाही. २०२३ च्या जुलैत उत्तरेच्या अधिकृत निवेदनांत दक्षिणेचे ‘देहान मिंगुक’ हे राजनाम येऊ लागले. आणि त्याच वर्षाच्या अखेरीस उत्तरेने जाहीर केले की, आता आपले भाऊबंदकीचे नाते नाही, ही दोन शत्रुराष्ट्रे आहेत. नाव अचूक झाले आणि भाऊ परका झाला.

ह्या पार्श्वभूमीवर यहेज्केलाच्या दोन काठ्यांकडे पाहू या. एकीवर यहूदाचे नाव आहे, दुसरीवर योसेफाचे व एफ्राईमाचे. येथवर आपण नेहमी वाचतो. पण आणखी एक शब्द पाहावा. पहिल्या काठीवर यहूदाचे सोबती म्हणून इस्राएलाची संतती लिहिली आहे. दुसरीवर एफ्राईमाचे सोबती म्हणून इस्राएलाचे घराणे. ज्या नावासाठी एवढा वाद, ते नाव दोन्ही काठ्यांवर आहे! कोणाचेही स्वतःचे नाव पुसले नाही, आणि समाईक नाव कोणा एकाला दिले नाही. मगच त्या काठ्या संदेष्ट्याच्या हाती एक झाल्या.

म्हणून दुभंगलेल्या देशासाठी मंडळीत प्रार्थना करताना दोन गोष्टी सांभाळाव्यात. प्रत्येकाला त्याच्या नावाने ओळखावे. आणि तसे करताना तो कोणाचा भाऊ आहे हे विसरू नये. पहिल्यावाचून दुसरे म्हणजे हक्क सांगणे होय. दुसऱ्यावाचून पहिले म्हणजे दार लावून घेणे होय.

वर्गात चर्चेसाठी :
१. ‘एफ्राईम’ हे नाव यशया ७:२ मध्ये व होशेय ११:८ मध्ये कोणत्या भावनेने येते? फरक सांगा.
२. आपण कोणाला असे नाव देतो का, जे तो स्वतःला कधीच देणार नाही?
३. मुलांकडून दोन काठ्यांवर नावे लिहवून घ्यावीत. दोन्हींवर कोणता शब्द आला, हे त्यांनाच शोधू द्यावे.