वितरित फाइल प्रणालीचा सांभाळ



‘सेफ’ या मुक्तस्रोत वितरित फाइल प्रणालीच्या कामात उतरण्याचा निश्चय केलेल्या माझ्या भाचीने प्रथम हे ध्यानी घ्यावे, की वितरित फाइल प्रणाली म्हणजे अनेक संगणकांवरील डिस्क एकत्र जोडून वापरणाऱ्यास एकच साठा म्हणून उपलब्ध करून देणारी व्यवस्था होय, आणि तिने ‘लिहिले’ अशी पोच एकदा दिली की डिस्क बिघडो वा वीज जावो, तो मजकूर परत मिळालाच पाहिजे. त्यासाठी फाइलचे तुकडे करून त्यांच्या सहसा तीन प्रती वेगवेगळ्या यंत्रांवर ठेवल्या जातात. कोणता तुकडा कोठे आहे याची मोठी सूची न बाळगता ‘क्रश’ या गणनपद्धतीने ती जागा हिशेबाने काढली जाते. सांताक्रूझ येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात सेज वाइल यांनी सहकाऱ्यांसह मांडलेली व 2006 साली प्रसिद्ध झालेली सेफची ही रचना वाखाणली जाते, ते योग्यच आहे. परंतु सांभाळणाऱ्याची कसोटी मजकूर प्रत्यक्ष डिस्कवर लिहिणाऱ्या थरात लागते.

सुमारे दहा वर्षे सेफने या थरासाठी एक्सएफएससारख्या तयार फाइल प्रणालींचा आधार घेतला. मात्र अनेक बदल एक तर सगळे व्हावेत किंवा एकही होऊ नये, ही हमी त्यांच्याकडून हवी तशी मिळेना. त्यामुळे मजकूर आधी जर्नलमध्ये, म्हणजे तात्पुरत्या नोंदवहीत, आणि नंतर मूळ जागी असा दोनदा लिहावा लागे. अखेर थेट डिस्कवर लिहिणारा ‘ब्लूस्टोअर’ 2017 च्या ‘ल्युमिनस’ आवृत्तीत रूढ झाला. तरी तयार फाइल प्रणालींवर चालणाऱ्या जुन्या ‘फाइलस्टोअर’चा आधार 2023 च्या ‘रीफ’ आवृत्तीतच काढला गेला. मधली सहा वर्षे दोन्ही पद्धती एकाच वेळी सांभाळण्याचे काम नवे लिहिण्याइतकेच मोलाचे होते, आणि त्याहून अधिक कठीण होते, कारण मुक्तस्रोत प्रणाली कोणीही न कळवता बसवू शकतो आणि कोणाचा जुना साठा कोठे चालू आहे हे तिच्या कर्त्यांना पूर्णपणे ठाऊक नसते.

म्हणून भाचीने आरंभीच नवी सोय जोडण्याची घाई करू नये. सेफच्या डिस्कवरील नोंदींत रचनेची आवृत्ती आणि ती वाचू शकणाऱ्या सर्वांत जुन्या आवृत्तीचा क्रमांक असे दोन आकडे असतात. त्यांचा अभ्यास आधी करावा, कारण अद्ययावतीकरण चालू असताना नवी व जुनी यंत्रे काही काळ शेजारी शेजारी चालतात. चालू यंत्रे मुद्दाम बंद पाडणाऱ्या ‘ट्यूथॉलॉजी’ चाचण्यांतील एखादे अपयश घेऊन त्याच्या मुळाशी जावे, आणि दुसऱ्याचा बदल तपासताना कोडच्या या दोन ओळींच्या मध्येच वीज गेली तर डिस्कवर काय उरेल, हा प्रश्न नम्रपणे पण उत्तर मिळेपर्यंत विचारावा.