चांदणीचं कार्ड

७ मे २०२५ पासून अमेरिकेतल्या अमेरिकेत विमानाने जायलाही साधं ड्रायव्हिंग लायसन्स पुरत नाही. त्याच्या वरच्या कोपऱ्यात रिअल आयडीची चांदणी लागते, नाहीतर सुरक्षा तपासणीला चालेल असं दुसरं ओळखपत्र. न्यू जर्सीत घरच्यांची आणि मंडळातल्या ओळखीच्यांची कागदपत्रं लावून देता देता जे कळत गेलं, ते इथे मांडते.

१. रांगेत उभं राहण्याआधी विचारा : हे कार्ड मला हवंच आहे का?

त्या मे महिन्यात अपॉइंटमेंटसाठी झुंबड उडाली होती. त्यातल्या कितीतरी जणांना कार्डाची गरज नव्हती. अमेरिकन पासपोर्ट चालतो, भारतीय पासपोर्टही चालतो. ग्रीन कार्ड, वर्क परमिटचं कार्ड, ग्लोबल एंट्रीचं कार्ड, सगळं चालतं. मोठ्या माणसाबरोबर जाणाऱ्या १८ वर्षांखालच्या मुलांना ओळखपत्र दाखवावंच लागत नाही. नाशिकहून सहा महिन्यांसाठी आलेल्या आईवडिलांना लेकीकडून लेकाकडे, म्हणजे नेवार्कहून सॅन होजेला जायचं असेल, तर हातातल्या पिशवीत पासपोर्ट असला की झालं. चेक-इनच्या बॅगेत मात्र तो ठेवू नये. "आधार दाखवलं तर?" असं माझ्या सासूबाईंनी विचारलं होतं. आधार इथे चालत नाही.

मग चांदणी कोणाला? ज्यांना पासपोर्ट किंवा ग्रीन कार्ड घरी कुलपात ठेवून फिरायचं आहे त्यांना. (कायद्याने १८ वर्षांवरच्या माणसाने ग्रीन कार्ड कायम जवळ बाळगायचं असतं, पण हरवलं तर नव्यासाठी चारशे डॉलरच्या वर फी पडते, म्हणून बहुतेक घरांत ते कपाटातच असतं.)

२. हे अमेरिकेचं आधार कार्ड नव्हे.

११ सप्टेंबरच्या हल्लेखोरांपैकी बहुतेकांकडे वेगवेगळ्या राज्यांची लायसन्सं नाहीतर ओळखपत्रं होती. चौकशी आयोगाने केंद्रीय मानकं सुचवली आणि २००५ मध्ये रिअल आयडीचा कायदा झाला. पण कार्ड द्यायचं राज्यानेच. केंद्र फक्त सांगतं की आमच्या अटी पाळल्या नाहीत तर तुमचं कार्ड आम्ही मानणार नाही. सरकारने एकच राष्ट्रीय ओळखपत्र देण्याची इथल्या लोकांना मनापासून भीती वाटते. मेन राज्याच्या विधिमंडळाने २००७ मध्येच या कायद्याविरुद्ध ठराव केला. २००८ ची मुदत ढकलत ढकलत २०२५ वर आली.

आपल्याला याचा अर्थ इतकाच, की टेक्सासच्या मावसभावाचा सल्ला न्यू जर्सीत लागू पडेलच असं नाही. लायसन्स देणाऱ्या कार्यालयाचं नावही सगळ्या राज्यांत सारखं नसतं. कॅलिफोर्नियात चांदणी अस्वलाच्या अंगावर असते. न्यूयॉर्क, मिशिगनसारख्या पाच राज्यांत नागरिकांना झेंड्याचं चित्र असलेलं एक वरच्या दर्जाचं लायसन्स मिळतं. तेही विमानतळावर चालतं. कागदपत्रांची यादी आपल्याच राज्याच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्यावी.

३. खरी अडचण नावाची.

आपल्याकडे लग्नानंतर बाईचं आडनाव बदलतं, मधलं नाव वडिलांचं जाऊन नवऱ्याचं येतं आणि जुन्या पिढीत तर पहिलं नावही तांदळात लिहून बदललेलं असतं. म्हणजे नावाचे तिन्ही भाग नवे. काउंटरवरच्या माणसाला त्या दोन बायका वाटल्या तर त्याला दोष देता येत नाही.

नियम तसा सोपा आहे. ओळखीसाठी जो मुख्य कागद द्याल, पासपोर्ट किंवा ग्रीन कार्ड, त्यावरचं नाव कार्डावर येणार. वेगळं नाव हवं असेल तर एका नावापासून दुसऱ्यापर्यंत पोचवणारा प्रत्येक कागद द्यायचा. पासपोर्ट, व्हिसा, सोशल सिक्युरिटी कार्ड सगळं सासरच्या नावाने असेल तर माहेरच्या नावाचा विषयच निघत नाही. तो आपणहून काढूही नये. गुंता होतो तो सोशल सिक्युरिटी एका नावाने आणि ग्रीन कार्ड दुसऱ्या नावाने असलं की. तिथे आधी सोशल सिक्युरिटीच्या कार्यालयात नाव बदलून घ्यावं, मग लायसन्सच्या रांगेत लागावं. उलट क्रमाने गेलेल्या मैत्रिणी परत आल्या.

महापालिकेचा विवाह नोंदणीचा दाखला इथे सर्वांत उपयोगी. मंगल कार्यालयाची पावती, लग्नपत्रिका आणि फोटोंचा अल्बम यांना किंमत नाही. जुन्या जोडप्यांकडे दाखला नसतोच. भारतवारीत तो काढून आणावा. आणि नागरिकत्व घेताना नाव बदलून घेता येतं, ते प्रमाणपत्रावरच नोंदलं जातं. ही संधी मी तरी सोडू नका म्हणेन.

४. पत्त्याचे दोन पुरावे स्वतःच्या नावाचे हवेत.

घर मुलाच्या नावावर, विजेचं बिल सुनेच्या नावावर, फोन फॅमिली प्लॅनवर. वीस वर्षं याच घरात राहणाऱ्या सासऱ्यांच्या नावाने एकही कागद निघत नाही. त्यांचं स्वतःचं बँक खातं उघडावं. स्टेटमेंट, मेडिकेअर किंवा विमा कंपनीचं पत्र, असं काही ना काही त्या पत्त्यावर येत राहील असं बघावं. टपालपेटीचा क्रमांक पत्ता म्हणून चालत नाही. या खात्याचे इतरही फायदे आहेत : आमच्या सासऱ्यांनी त्यानंतर चहाचे पैसे मुलाकडे मागणं बंद केलं.

५. व्हिसावर असाल तर कार्डाची मुदत व्हिसाच्या मुक्कामाइतकीच.

एच-वन या नोकरीच्या व्हिसावर एका वेळी जास्तीत जास्त तीन वर्षं मिळतात. मुक्कामाची परवानगी संपेल त्या दिवशी कार्डही संपतं आणि ते तात्पुरतं असल्याचं कार्डावर लिहिलेलं असतं. ग्रीन कार्डाच्या रांगेत वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या भारतीयांना म्हणजे दर मुदतवाढीला पुन्हा ही वारी आलीच. कार्यालय तुमची माहिती केंद्राच्या 'सेव्ह' नावाच्या प्रणालीत तपासतं. उत्तर कधी लगेच येतं, कधी त्याला बरेच दिवस लागतात. म्हणून मंजुरीचं पत्र हाती आलं की थांबू नये. काम करण्याची परवानगी नसलेल्या एच-फोरवरच्या जोडीदाराकडे सोशल सिक्युरिटी क्रमांक नसतो. बऱ्याच राज्यांत सोशल सिक्युरिटीच्या कार्यालयाकडून 'क्रमांकास पात्र नाही' असं पत्र आणावं लागतं.

६. बारीकसारीक.

कार्ड टपालाने येईपर्यंत हातात दिलेला तात्पुरता कागद विमानतळावर चालत नाही. ओळखपत्र घरीच राहिलं तर फेब्रुवारी २०२६ पासून ४५ डॉलर भरून ओळख पटवून घेण्याची सोय आहे. ती दहा दिवसांच्या प्रवासापुरती, आणि ओळख पटेलच याची हमी नाही.

७. सीमेवर ही चांदणी निरुपयोगी आहे.

तिने नागरिकत्व सिद्ध होत नाही. पाहुण्यांना नायगारा कॅनडाच्या बाजूने दाखवायचा असेल तर ग्रीन कार्डवाल्यांना पासपोर्टही लागतो, आणि फिरायला आलेल्या आईवडिलांना कॅनडाचा व्हिसा. तो नसेल तर गोट आयलंडवरून बघावा. हॉर्सशू फॉल्स तिथूनही पुरेसा जवळ दिसतो, आणि गाडी लावायला जागा मिळते.